दोन रांगांत आठ भोकं

"सहाशे चाळीस!" वजनकाट्यावर वाकून धाकटी ओरडली.

"आणि माझी सहाशे अडतीस! दोन ग्रॅमनं हलकी, मी जिंकले!" थोरलीने हात उंचावले.

"एकाच दुकानातली, एकाच दिवशी घेतलेली, एकसारखी मॅट. त्यातही तू जिंकलीस?"

"मी तुझ्यापेक्षा सात मिनिटांनी मोठी आहे. मला जिंकायची सवय आहे!"

क्लबच्या हॉलमध्ये हशा पिकला. या दोघी जुळ्या बहिणी बोलायला लागल्या की हशा पिकायचाच. इंचीसुद्धा हसली, पण जरा उशिरा. खिडकीपाशी एकटं उभं राहिलं की असंच होतं. सगळ्यांचं हसून झालं की आपलं सुरू होतं.

तिचं नाव वेगळं होतं, पण खिशात कायम इंचटेप आणि दिसेल ते मोजायची खोड, म्हणून तिच्या दादाने तिला 'इंची' करून टाकलं होतं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

"गप्प बसा!" कॅप्टनताईंनी शिट्टी वाजवली. सुट्टीतलं डोंगरशिबिर दरवर्षी त्याच न्यायच्या. "सहा दिवसांनी आपण पठारावर जाणार. तीन दिवस राहणार. सगळं सामान ज्याचं त्याने पाठीवर घ्यायचं. आता मॅटविषयी नीट ऐका. वरच्या थंडीला जाकीट पुरतं, पण जमिनीतून जी थंडी अंगात शिरते ना, तिला फक्त मॅटच अडवते. वजन सातशे ग्रॅमच्या आत हवं. सॅकमध्ये मावली पाहिजे. आणि फुगवायची असेल तर हवा धरून राहिली पाहिजे. निघायच्या दिवशी मी एकेक मॅट तपासणार. जिची हवा जाईल, ते घरी!"

"ते म्हणजे मॅट की मूल?" पोपटाने विचारलं. पोपट हे त्याचं टोपणनाव, आणि ते का पडलं हे सांगायची गरज कोणालाच कधी पडली नव्हती.

"दोन्ही!" कॅप्टनताई म्हणाल्या. "चला, आता तंबूसाठी जोड्या लावा."

अर्ध्या मिनिटात जोड्या लागल्या. मुलं तेरा होती. सहा जोड्या, आणि इंची.

"आपल्याकडे एकटीचा छोटा तंबू आहे," कॅप्टनताई वहीतून मान वर करून म्हणाल्या. "चालेल ना गं?"

"चालेल!" इंची इतक्या झटकन म्हणाली, की कोणाला वाईट वाटायला वेळच मिळू नये.

गेल्या वर्षीपर्यंत हा प्रश्नच नव्हता. दादा असायचा. दोघांत मिळून एकच भली मोठी फोमची मॅट होती, दादाच उचलायचा. दोन महिन्यांपूर्वी दादा दूरच्या कॉलेजात गेला, हॉस्टेलवर राहायला लागला. बाबा जहाजावर. आई हॉस्पिटलात नर्स, ती सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. ती भली मोठी मॅट आता कपाटावर धूळ खात होती. तिचं वजन दोन किलो भरलं. इंचीला आता एकटीपुरती मॅट हवी होती.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. तंबू, दोर, बूट, सॅक, असं डोंगरातलं सगळं सामान तिथे मिळायचं. मॅनेजरकाका काउंटरमागे एक नवंकोरं प्लॅस्टिकचं पिस्तूल घेऊन उभे होते. खट्! खट्! एकेका पिशवीला किमतीचा टॅग लटकवत होते आणि स्वतःच्या वेगावर स्वतःच खूश होते.

इंचीने नमुन्याच्या तीन मॅट जमिनीवर पसरल्या आणि इंचटेप काढली.

पहिली होती फोमची, घड्यांची. हलकी होती, कशीही वापरली तरी फुटायची भीती नव्हती. पण तिचं गाठोडं उशीएवढं! सॅकबाहेर बांधली तर इंची दारातून आडवीच जाईल. शिवाय इंची कुशीवर झोपायची. कुशीवर पडून पाहिलं, तर कंबरेचं हाड थेट फरशीला टेकलं. दुसरी आपोआप फुगणारी. तिच्यावर पडल्यावर उठावंसंच वाटेना, पण वजन नऊशे ग्रॅम. तिसरी निळी, तोंडाने फुगवायची. चारशे दहा ग्रॅम! गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी. लांबी दीडशे सेंटिमीटर, आणि इंची एकशे सेहेचाळीस. कुशीवर पडून पाहिलं. कंबर अधांतरी!

"अगं ए! झोपायला आलीस की घ्यायला?" मॅनेजरकाका ओरडले.

'मॅट झोपूनच घ्यायची असते ना काका!' हे वाक्य इंचीच्या अगदी ओठांवर आलं होतं. दादा असता तर म्हणालाच असता. ती नुसतीच उठली, आणि ढिगातली, पिशवीत गुंडाळून ठेवलेली एक निळी मॅट घेऊन घरी आली.

दुपारी तिने दादाच्या रिकाम्या खोलीत मॅट फुगवली. तेवीस फुंकरांत फुगली. कुशीवर पडून ती छताकडे बघत राहिली. घरात फक्त फ्रिजचा आवाज येत होता. कधी डोळा लागला, तिला कळलंच नाही. जाग आली ती कंबर दुखली म्हणून.

ती जमिनीवर होती. निळी मॅट तिच्याखाली चपटी पडली होती.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात परत गेली. तिचं बोलणं पुरतं ऐकून न घेताच मॅनेजरकाकांनी मान हलवली.

"नखं लावलीस. तुम्ही पोरं ना, वस्तू हाताळायला शिकतच नाही. फोडलेली मॅट बदलून मिळत नसते. चल, हो बाजूला, गिऱ्हाइकं आहेत."

दोन गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. इंचीचे कान लाल झाले. बाहेर आल्यावर तिने हात पुढे धरून नखं पाहिली. नर्सच्या घरात कुठे नखं वाढतात? आईने रविवारीच मुळापासून कापली होती. मग भोक पडलं कसं?

संध्याकाळी आई आली, बूट काढून तिथेच खुर्चीत बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "मॅट मिळाली?"

"मिळाली," इंची म्हणाली. म्हटलं तर खोटं नव्हतं.

तिने दादाला फोन लावला. "इंचे, आत्ता जरा गडबडीत आहे. जेवण झालं की करतो," तो म्हणाला. जेवणं झाली, भांडी झाली, आईने दिवे मालवले. फोन आला नाही.

शिबिराला तीन दिवस उरले. क्लबमध्ये सॅक भरण्याचा सराव होता. सगळ्यांनी मॅट फुगवून ओळीत मांडल्या होत्या. इंचीने आपली सॅकमधून काढलीच नाही. ती पाणी प्यायला म्हणून हॉलच्या मागच्या बाजूला गेली, तर तिथे खांबाआड पोपट! गाल टमाट्यासारखे लाल करून तो मॅटमध्ये हवा भरत होता.

"काय करतोयस?"

पोपट दचकला. "व्यायाम! फुप्फुसांचा!"

"मघाशीही करत होतास. आणि त्याच्या आधीही."

पोपट गप्प झाला. पोपट आणि गप्प! इंचीला एकदम त्याची काळजीच वाटली.

"कोणाला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "फुटली गं माझ्याकडून. कुठे फुटली तेही कळत नाही. दुकानातले काका म्हणाले, उड्या मारल्या असशील. मी मारल्या नाहीत! एकच मारली."

इंचीने इकडेतिकडे पाहिलं. "माझीही हवा जाते."

"काय? तुझीही?"

"तुमचीही?" मागून तिसराच आवाज आला. धाकटी उभी होती, रिकामी बाटली हातात घेऊन. "मला वाटलं मी एकटीच वेंधळी! ताईची मॅट टुणटुणीत, आणि माझी रोज पापड. दोघींनी एकाच दिवशी घेतल्या, म्हणजे चूक माझीच असणार ना?"

तिघंही एकमेकांकडे बघत राहिली. तिघांनी तीन घरांत, तीन खोल्यांची दारं लावून, एकच गोष्ट लपवली होती!

"आमच्या बाथरूममध्ये मोठा टब आहे," इंची म्हणाली. स्वतःचा आवाज तिला जरा अनोळखी वाटला. "दुपारी घरी कोणी नसतं. याल?"

दोन महिन्यांत त्या घराची बेल दुपारी पहिल्यांदाच वाजली. पोपट, थोरली, धाकटी, तिघांच्या काखेत मॅट.

इंचीने आपली निळी मॅट फुगवून टबात दाबली. बुड्... बुड्... बुड्...

"बुडबुडा!" पोपट ओरडला. "अजून एक! अरे, ही मॅट आहे की चाळणी?"

इंचीने जिथे बुडबुडा येईल तिथे पेनाने खूण केली. मग मॅट पुसून जमिनीवर पसरली. भोकं होती आठ, सुईच्या टोकाएवढी. पण विस्कटलेली नव्हती. मॅटच्या मधोमध लांबीला जी घडी होती, तिच्या एका बाजूला चार भोकं सरळ रांगेत आणि दुसऱ्या बाजूला तशीच चार.

इंचटेप बाहेर आली. "पहिल्या दोन भोकांत अंतर पंचवीस सेंटिमीटर. मग तेवीस. मग एकवीस." तिने दुसरी रांग मोजली. "पंचवीस, तेवीस, एकवीस!"

"नखं काय पट्टी धरून भोकं पाडतात?" धाकटी म्हणाली.

"आणि माझी उडी इतकी शिस्तीत पडते?" पोपटाने छाती फुगवली. त्याच्या मॅटचीही तीच गत निघाली: दोन रांगा, चार चार भोकं, अंतर दर वेळी दोन सेंटिमीटरने कमी.

इंचीने मॅट घडीवर दुमडली. दोन्ही रांगा एकमेकींवर नेमक्या बसल्या. मग ती घट्ट गुंडाळत गेली. गुंडाळी जाड होईल तसा वेढा मोठा होत होता. शेवटचा वेढा बसला आणि चारही खुणा एकाखाली एक आल्या.

"बघा!" ती म्हणाली. "मॅट गुंडाळलेली असताना काहीतरी बाहेरून आत घुसलंय. एकदाच. एका फटक्यात आठ भोकं!"

"पण ताईच्या मॅटला का नाही घुसलं?" धाकटीने विचारलं.

"कारण मी काळजी घेते!"

"तू? तू काल बूट फ्रिजमध्ये ठेवलेस!"

इंचीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती मॅटच्या चारही पिशव्या शेजारी शेजारी लावून बघत होती. तिच्या, पोपटाच्या आणि धाकटीच्या पिशवीला प्लॅस्टिकच्या दोऱ्याने पुठ्ठ्याचा टॅग लटकत होता. थोरलीच्या पिशवीला नव्हता.

"तुझा टॅग कुठे गेला?"

"नव्हताच. माझी काचेच्या कपाटात मांडलेली होती. तिची किंमत पेनाने लिहिलेली होती."

"दोन ग्रॅम!" इंची ओरडली. "म्हणून तुझी दोन ग्रॅमनं हलकी! टॅग नाही, म्हणून!"

तिने भराभर मोजलं. तिच्या पिशवीच्या तळापासून टॅगचा दोरा नऊ सेंटिमीटरवर होता. मॅटच्या घडीपासून भोकांची रांग नऊ. पोपटाचा टॅग अकरावर. भोकं अकरावर!

"ते पिस्तूल," ती हळू आवाजात म्हणाली. "टॅग लावायच्या पिस्तुलाला पुढे सुई असते. लांब. काकांना वाटतं ती फक्त पिशवीला टोचतेय."

पोपटाने सॅक उचलली. "चला! पण सरळ सांगितलं तर ते हाकलून देतील. बोलायचं काम माझं. मोजायचं काम तुझं."

दुकानात चांगली गर्दी होती. मॅनेजरकाकांनी इंचीला पाहून कपाळाला हात लावला. "पुन्हा तू?"

"काका, नमस्कार!" पोपट पुढे झाला. "आम्हाला सांगा, तुमची नवी मॅट हवा धरते की नाही?"

"दगडासारखी!"

"दाखवता का फुगवून? त्या ढिगातली कुठलीही. अजून टॅग न लावलेली."

आजूबाजूची गिऱ्हाइकं बघायला लागली. काकांना मागे हटता येईना. त्यांनी एक मॅट फुगवली. धाकटीने कोपऱ्यातल्या बादलीतलं साबणाचं पाणी स्पंजने तिच्यावर फिरवलं. एकही बुडबुडा नाही.

"बघितलंत? पटलं?" काका विजयाने म्हणाले.

"पटलं!" पोपट म्हणाला. "आता पुसून, गुंडाळून, पिशवीत भरून टॅग लावा. आणि मग पुन्हा तपासू."

"टॅगचा काय संबंध?"

"नसेल तर उत्तमच," इंची म्हणाली. "मग आम्ही सगळ्यांसमोर तुमची माफी मागू."

"ठीक आहे! तुमची तोंडं बंद करायला एक फोडतोच... म्हणजे, टॅग लावतो!" काकांनी मॅट पुसून, गुंडाळून पिशवीत भरली आणि पिस्तूल उचललं. खट्!

मॅट पुन्हा फुगली. थोरलीने स्पंज फिरवला. आणि घडीच्या दोन्ही बाजूंना साबणाचे पांढरे फुगे टुपकन वर आले. चार आणि चार.

इंचीने टेप लावली. "पंचवीस," ती म्हणाली. "तेवीस. एकवीस."

मागच्या खोलीतला शिवणयंत्राचा आवाज थांबला होता. दुकानाच्या मालकीणबाई, पांढऱ्या केसांच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या, दारात उभ्या होत्या. फाटलेले तंबू त्या अजूनही स्वतः शिवायच्या. त्या आल्या, वाकल्या, आणि एकेका भोकावरून बोट फिरवलं.

"हे पिस्तूल कधीपासून वापरताय?"

"पंधरा... पंधरा दिवस," मॅनेजरकाका पुटपुटले.

"कोणी तक्रार घेऊन आलं होतं?"

"सहा-सात जण. मला वाटलं, नखं..."

"आणि आज सकाळी बचाव पथकाला वीस मॅट पाठवल्या, त्या?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते पथक बर्फात जाणार होतं, उंचावर अडकलेल्या माणसांना आणायला. बर्फावर चपटी झालेली मॅट म्हणजे काय, हे त्या दुकानात सगळ्यांना कळत होतं. मालकीणबाई फोनकडे धावल्या. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला.

"गाडी निघाली का? नाही? थांबवा! मॅट उतरवा, मी दुसऱ्या घेऊन येते!" त्यांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या. "वीस मिनिटांत निघणार होते."

मग त्यांनी इंचीला जवळ बोलावलं.

"चाळीस वर्षं मी शिवणयंत्रावर बसतेय. पण नुसती भोकं मोजून सुई ओळखणारी पोर आज पहिल्यांदा पाहिली. शाब्बास! तुम्ही चौघंही शाब्बास!"

मॅनेजरकाका घसा खाकरत पुढे आले. "ते नखांचं मी बोललो... तुझं ऐकायला हवं होतं. चुकलो मी."

"ज्या सहा-सात जणांना परत पाठवलंत, त्यांनाही सांगाल?" इंचीने विचारलं. "ते घरी बसून स्वतःलाच दोष देत असतील."

"आजच फोन करतो," काका म्हणाले. आणि केलेही.

नवी, टॅग न लावलेली मॅट घेऊन इंची घरी आली तेव्हा घर नेहमीसारखंच रिकामं होतं. सांगायला इतकं काही होतं, आणि ऐकायला कोणी नव्हतं! बाथरूममध्ये तिघांच्या ओल्या पावलांचे ठसे मात्र अजून वाळले नव्हते. ती ते पुसायला गेली आणि मग तिने ते तसेच ठेवले.

आई आल्यावर तिने सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. आई बूट न काढताच ऐकत राहिली.

"तीन दिवस तू हे एकटीने सहन केलंस? मला का नाही सांगितलंस?"

"तू दमून येतेस."

आईने तिला ओढून मांडीवर घेतलं. एकशे सेहेचाळीस सेंटिमीटरची मुलगी मांडीवर कशीबशीच मावली. "दमलेली असले तरी कान उघडे असतात माझे," आई म्हणाली. "हुशार आहेस गं तू. पण सगळं एकटीने सोसणं म्हणजे हुशारी नव्हे. कळलं?"

"कळलं," इंची म्हणाली.

तीन दिवसांनी, सूर्य टेकला तेव्हा पठारावर मुलांचे सात तंबू उभे होते. सहा मोठे, आणि कडेला एक छोटा. कॅप्टनताईंनी सगळ्यांना गोल उभं करून इंचीचा पराक्रम सांगितला, बचाव पथकाच्या प्रमुखांनी पाठवलेली आभाराची चिठ्ठी वाचून दाखवली आणि वर म्हणाल्या, "यापुढे क्लबच्या सामानाची तपासणी इंची करणार. माझंही सामान तीच तपासणार!" टाळ्यांनी पाखरं उडाली.

"आता सूप होईपर्यंत प्रत्येकाने आपापल्या मॅटवर दहा मिनिटं पडायचं. अगदी शांत! जमीन लागते का बघा."

इंची आपल्या तंबूत शिरली. दोन्ही हात पसरले, तर दोन्हीकडे कापड लागलं. ती कुशीवर वळली. शेजारी कोणी नव्हतं. पलीकडच्या तंबूंतून जोडीजोडीची खुसखुस येत होती, आणि इथे फक्त वारा कापडाला थोपटत होता. दादा आत्ता काय करत असेल, हे तिच्या मनात येऊन गेलं. तिने डोळे मिटून जमीन वर येण्याची वाट पाहिली. जमीन आली नाही.

"ए इंची!" पोपटाचा आवाज आला. "हवा आहे का?"

"आहे!" ती ओरडली. मग जरा थांबून, आणखी मोठ्याने, "तुझी?"

"आहे! धाकटे?"

"आहे!"

"माझी जास्त आहे!" ही अर्थात थोरली.

मग पलीकडच्या तंबूतून कोणी म्हणालं 'आहे', त्याच्या पलीकडून आणखी कोणी. असे आवाज येत गेले. इंचीने मोजले. तेरा भरले.

"मी शांत राहायला सांगितलं होतं ना?" कॅप्टनताई बाहेरून गरजल्या. सगळे चिडीचूप झाले. थोडा वेळ गेला. मग बाहेरूनच, खालच्या आवाजात, त्या म्हणाल्या, "माझीही आहे."

एकदम हशा फुटला. इंचीचा तंबू होता तेवढाच होता, एकटीचा. पण त्याचं कापड इतकं पातळ होतं, की ते सगळं हसू जसंच्या तसं आत येत होतं, आणि या वेळी इंची सगळ्यांच्या बरोबरीनेच हसत होती.